मधुमेह आणि रोजचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. म्हणजे प्रश्न आपल्याच घरांतला आहे. तरी निदान झाल्यावर बहुतेकांच्या हाती पडते ती ‘काय खाऊ नये’ची यादी: भात नको, बटाटा नको, केळं नको. माणूस ती महिनाभर पाळतो, मग कंटाळतो. खाली दिलेली उत्तरं टाइप २ मधुमेह असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहेत, आणि तितकीच त्यांच्यासाठी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी.

साखर आणि गोड बंद केलं की झालं ना?

नाही. रक्तातली साखर वाढवणारा सगळ्यात मोठा वाटा आपल्याकडे धान्याचा असतो. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा यांतल्या पिष्टाचं पोटात ग्लुकोजच होतं. वाटीभर शिजलेल्या भातात साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं असतात, मध्यम आकाराच्या पोळीत २० च्या आसपास. बिनसाखरेचा चहा घेऊन त्यासोबत चार खारी किंवा बटर खाल्ले, तर वाचवलेली साखर मैद्यातून परत येते.

अर्थात चहातली साखर कमी केलीच पाहिजे. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे धरले तर आठ चमचे साखर होते, म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास. गावाकडे आणि कामाच्या ठिकाणी चहा सहा-सात वेळाही होतो. हा हिशेब एकदा स्वतःशी मांडून बघा.

मग भात कायमचा सोडायचा का?

सोडायची गरज नाही, मोजायची आहे. कोकणात आणि गोव्यात ज्यांचं दोन्ही वेळचं जेवण भाताभोवतीच असतं, त्यांना ‘भात बंद’ सांगणं म्हणजे जेवणच बंद सांगणं. असा सल्ला टिकत नाही, आणि न टिकणाऱ्या सल्ल्याचा साखरेवर काहीही परिणाम होत नाही.

एका वेळी एक वाटी भात, त्याच जेवणात पोळी नाही, आणि भातासोबत घट्ट काहीतरी हवं. इथेच बहुतेक घरांत गडबड होते. वरणभात म्हटलं की डाळ पोटात गेली असं आपण धरतो, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ मूठभरही नसते. आमटी घट्ट करा, नाहीतर कुळथाचं पिठलं, चवळीची किंवा मटकीची उसळ, अंडं, बांगडा असं काही जोडा. मासळीत कर्बोदकं जवळजवळ नसतात, त्यामुळे मासे-भात खाणाऱ्याने मासे नेहमीइतके ठेवून भात अर्धा केला तरी पोट भरतं.

उकडा तांदूळ आणि हातसडीचा तांदूळ पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा सहसा बरा. पेज काढून टाकली किंवा भात गार करून खाल्ला तर थोडा फरक पडतो, पण फार थोडा. त्या भरवशावर दुसरी वाटी वाढून घेऊ नका.

भाकरीने शुगर वाढत नाही म्हणतात, ते खरं का?

वाढते. ज्वारी, बाजरी, नाचणी ही चांगली धान्यं आहेत. त्यांत तंतू जास्त असतात, नाचणीत कॅल्शियमही भरपूर. पण धान्य ते धान्यच. एका मोठ्या भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे पोटात ४०-४५ ग्रॅम कर्बोदकं जातात. तेवढी दोन पोळ्यांतही असतात. ‘पोळ्या सोडल्या, आता दोन भाकऱ्या खातो’ असं सांगणाऱ्या माणसाचं धान्य कमी झालेलं नसतं, कधीकधी वाढलेलं असतं.

नाचणीच्या सत्त्वाबद्दल वेगळं सांगायला हवं. धान्य जितकं बारीक दळलेलं, गाळलेलं आणि पातळ शिजवलेलं, तितकं ते लवकर पचतं. सत्त्वाची खीर साखर झटकन वाढवते. नाचणीची भाकरी त्यापेक्षा पुष्कळ बरी.

ताट नेमकं कसं वाढायचं?

अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ-डाळ-अंडं-मासे-पनीर यांपैकी काही, उरलेलं पाव ताट धान्य. बटाटा, रताळं, साबुदाणा हे धान्याच्या पावात मोजायचे, भाजीच्या अर्ध्यात नाही.

आपल्या ताटात हे सगळं आधीपासून आहे, फक्त प्रमाण उलटं झालं आहे. कोशिंबीर डाव्या बाजूला चमचाभर आणि उजवीकडे चार पोळ्या. कोशिंबिरीची वाटी मोठी करा. गवार, घेवडा, दोडका, पडवळ, वांगं, कोबी, पालेभाज्या हव्या तितक्या खा, तेल मात्र बघून घाला.

खाण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांना तेच जेवण दोन वेगळ्या क्रमांनी दिलं. भाजी आणि प्रथिनं आधी, कर्बोदकं शेवटी, असं खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची साखर उलट क्रमापेक्षा ३७ टक्के कमी होती. प्रयोग लहान होता, पण करून बघायला काही पैसे पडत नाहीत. पहिली पाच-दहा मिनिटं कोशिंबीर आणि उसळ खायची, मग पोळी घ्यायची. भूकही आपोआप आवरते.

सकाळी पोहे चालतील का? रोज काय करायचं?

पोहे, उपमा, इडली, साबुदाणा खिचडी या चारांत कर्बोदकांच्या बाबतीत फार फरक नाही. पोहे करायचेच तर पोहे निम्मे आणि मटार, कोबी, गाजर, मोड आलेले मूग मिळून निम्मे. शेंगदाणे असू द्या. बशी लहान घ्या, सोबत अंडं किंवा दही घ्या.

त्याहून सोपे पर्याय आहेत: मुगाचं धिरडं, भाजणीचं थालीपीठ आणि दही (एकच थालीपीठ, ते पोटभरीचं असतं), मेथी घालून बेसनाचा पोळा, उकडलेली अंडी, कालची उरलेली उसळ. मिसळही चालते, पण मटकी जास्त, फरसाण चिमूटभर, पाव अर्धा किंवा नाहीच, आणि वरचा तवंग बेताचा.

साखरेऐवजी गूळ, मध, काकवी?

साखर वाढण्याच्या दृष्टीने सगळी सारखीच. गुळात थोडी खनिजं आहेत, पण चहातल्या चमचाभर गुळातून मिळणारं लोह नगण्य असतं. ‘गूळ चालतो’ या समजुतीपायी लोक साखरेपेक्षा जास्त गूळ खातात, आणि तिथे खरं नुकसान होतं.

आंबा अजिबात खायचा नाही का? आणि बाकीची फळं?

खा. १०० ग्रॅम आंब्यात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे अर्धा हापूस हा एका पोळीपेक्षा जड नाही. अट एवढीच की तो जेवणावर नाही, मधल्या वेळेला खायचा. सोबत चार बदाम किंवा मूठभर शेंगदाणे असले तर उत्तम. आमरस वेगळा. एका वाटीत दोन-तीन आंबे जातात, वर साखर, आणि सोबत पुऱ्या. वर्षातून एखाद्या दिवशी आमरस खायचाच असेल तर त्या जेवणात पोळी-भात ठेवू नका.

पेरू, पपई, जांभूळ, संत्रं, सफरचंद रोज एक चालतं. केळं लहान किंवा अर्धं. चिकू आणि सीताफळ कधीतरी, थोडं. फळाचा रस मात्र नकोच, घरी काढलेलाही नको. तीन-चार संत्र्यांची साखर दोन मिनिटांत पोटात जाते आणि तंतू चाळणीत राहतात.

एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. उपवास करू शकतो का?

बहुतेकांना करता येतो, पण दोन गोष्टी आधी बघाव्या लागतात: तुम्ही कोणतं औषध घेता आणि तुमचा उपवास कसा असतो.

आधी औषध. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असताना निर्जळी उपवास केला तर शरीरातलं पाणी कमी होतं आणि रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचण्याचा धोका असतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना साखर उतरण्याची भीती फारच कमी. तुमच्या पाकिटावरचं नाव वाचा, आणि नवरात्राच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी वगळणंही बरोबर नाही, कारण उपवासाच्या पदार्थांनी साखर बहुधा वाढते.

आता पदार्थ. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपणच म्हणतो. साबुदाणा जवळपास शुद्ध पिष्ट आहे: १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, प्रथिनं नाममात्र. त्यात बटाटा पडतो, सोबत रताळ्याचा कीस, नंतर राजगिऱ्याचा लाडू. सकाळ-संध्याकाळ हेच झालं तर दुसऱ्या दिवशीचा आकडा बघून घरचे घाबरतात.

उपवास पाळूनही ताट सुधारता येतं. वरीचे तांदूळ अर्धी वाटी आणि दाण्याची आमटी वाटीभर. काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून. दही, ताक, पनीर. राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, ज्यांच्याकडे चालतं त्यांच्याकडे भेंडी किंवा लाल भोपळा घालून. खिचडी खावीशी वाटली तर एकदाच, छोटी वाटी, कूट भरपूर. मीटरवर साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेली तर मात्र तिथेच उपवास सोडायचा. पुढच्या एकादशीची वाट बघायला तुम्ही ठणठणीत हवे आहात.

दोन वेळाच जेवायची पद्धत मधुमेहात चालते का?

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे ही पद्धत महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली: दोन वेळा जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. मधला चहा, बिस्किटं, चिवडा सुटला की पुष्कळांचं वजन आणि साखर खरोखरच उतरते. पण गोळ्या पूर्वीच्याच आणि जेवणं निम्मी, हे जोखमीचं आहे. इन्शुलिन किंवा वर सांगितलेल्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर सुरू करण्याआधी डोस ठरवून घ्या आणि पहिले काही आठवडे घरी वारंवार साखर मोजा. गरोदर स्त्रिया, टाइप १ असलेले आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले यांनी हे आपल्या मनाने करू नये. आणि दोनदा जेवायचं म्हणून त्या दोन वेळी धान्याचा डोंगर रचला, तर फायदा राहत नाही.

साखर एकदम उतरली तर काय करायचं?

हे उत्तर घरातल्या सगळ्यांनी वाचावं. घाम, हातापायांना कंप, धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. मीटरवर ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर उतरली, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. मीटर हाताशी नसेल तर शोधत बसू नका, उपचार सुरू करा.

१५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सपाट तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. नसेल तर तीन-चार चमचे साखर. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा; अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किट असं काहीतरी खायला द्या. पेढा, चॉकलेट, बर्फी देऊ नका, त्यांतल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

एक गोष्ट फार कमी रुग्णांना सांगितली जाते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध साध्या साखरेचं पचन लांबवतं. आपल्याकडे व्होग्लिबोज अनेकदा ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतं. अशी गोळी घेणाऱ्याला साखर उतरल्यावर घरातली साखर, गूळ लवकर लागू पडत नाही. ग्लुकोजच लागतं. म्हणून ग्लुकोज पावडरचा छोटा डबा घरात, आणि एक पुडी खिशात किंवा पर्समध्ये असायलाच हवी.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

रात्री कमी खातो, तरी सकाळी उपाशीपोटी साखर जास्त का?

पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत काही संप्रेरकं सोडतं आणि यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात ढकलतं. मधुमेहात त्याला आवर घालायला इन्शुलिन कमी पडतं. म्हणून हा आकडा नेहमी कालच्या जेवणाची शिक्षा नसतो. पण रात्री साडेदहाला जेवून अकराला झोपण्याची सवय असेल तर ती बदला. रात्री उशिरा तेच जेवण साखर जास्त वाढवतं. आठच्या आसपास जेवून पंधरा-वीस मिनिटं शतपावली केली तर फरक दिसतो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी एखाद्या रात्री तीन वाजता साखर मोजून बघावी आणि तो आकडा डॉक्टरांना सांगावा.

घरी कधी मोजायची? किती असावी?

बहुतेक मोठ्या माणसांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या खाली आणि एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या खाली हे लक्ष्य धरतात. वयस्कर, एकटे राहणारे किंवा हृदयविकार असलेले यांना डॉक्टर थोडी सूट देतात, ती योग्यच असते.

जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. मोजण्याआधी हात धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटाचा आकडा खोटा येतो. कोणता पदार्थ तुम्हाला सोसतो हे कळायचं असेल तर त्याच पदार्थाआधी आणि दोन तासांनी मोजा, वहीत लिहा. शेजाऱ्याला इडली चालते म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही.

एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, पण रक्ताचा आजार असेल तर ती फसवू शकते. लोहाची कमतरता तिला खोटी वाढवते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे; तिथे हा आकडा आणि घरच्या मीटरचा आकडा जुळत नसेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

मी तर बारीक आहे. मला मधुमेह कसा झाला?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच होता, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्यापैकी अनेकांच्या हातापायांवर मांस कमी आणि पोटाच्या आत चरबी जास्त असते. वजनकाट्याला ती दिसत नाही, कमरेच्या टेपला दिसते. बारीक माणसाने म्हणूनच जेवण नुसतं कमी करत जाऊ नये. धान्य कमी, प्रथिनं जास्त, आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम: उठाबशा, जिना चढणं, वजन उचलणं.

गोळ्या कधी बंद होतील का?

काहींच्या होतात. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या, इन्शुलिन न घेणाऱ्या लोकांना काही महिने दिवसाला ८५० उष्मांकांच्या आसपासचा आहार देखरेखीखाली दिला. वर्षाअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के होतं. वजन जितकं उतरलं तितकी शक्यता जास्त. म्हणजे निदान नवं असेल आणि वजन जास्त असेल तर पहिली काही वर्षं फार मोलाची आहेत. मात्र ‘बरा झालो’ म्हणून तपासण्या सोडू नका, वजन परत आलं की साखरही परत येते. आणि आकडे सुधारल्यावर गोळ्या कमी करायच्या असतात. गोळ्या फेकून आकड्यांची वाट बघायची नसते.

मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड?

मेथीदाण्यांत विरघळणारे तंतू आहेत, थोडा उपयोग होतो. चमचाभर भिजवून खायला हरकत नाही. कारलं भाजी म्हणून खा. पण यांतलं काहीही गोळीच्या जागी बसत नाही. ‘मुळापासून मधुमेह बरा’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या, वर घटकही न लिहिलेल्या पुड्या घेऊ नका.

‘शुगर फ्री’ मिठाई आणि डायबेटिक बिस्किटं?

साखर नसली तरी मैदा, खवा, तूप असतंच. त्यांनीही साखर आणि वजन दोन्ही वाढतं. पाकिटामागे एकूण कर्बोदकांचा आकडा बघा, पुढचं मोठं अक्षर नाही.

सणाला पुरणपोळी, मोदक समोर आले तर?

एक खा, चवीने खा, आणि त्या जेवणातला भात आणि साधी पोळी सोडा. कटाची आमटी आणि कोशिंबीर आधी. जेवल्यावर आडवं न होता वीस मिनिटं चाला. आग्रह करणाऱ्यांना एक विनंती: मधुमेह असलेल्या माणसाच्या पानात ‘एकाने काय होतंय’ म्हणत दुसरी वाढू नका. त्याला नाही म्हणायला आधीच पुरेसं जड जात असतं.

दारू?

उपाशीपोटी अजिबात नको. दारूमुळे यकृताचं ग्लुकोज सोडणं मंदावतं आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर झोपेत, कित्येक तासांनी उतरू शकते. घरच्यांना ती नशाच वाटते.

घरात वेगळा स्वयंपाक करावा लागेल का?

नाही, आणि करू नये. वर लिहिलेलं ताट घरातल्या सगळ्यांसाठी योग्य आहे. वेगळ्या डब्यातली बेचव भाजी एकट्याने खाणारा माणूस लवकर थकतो. आई-वडिलांना मधुमेह असेल तर मुलांनाही धोका असतोच, त्यांचंही ताट आत्ताच बदललेलं बरं.

हे सगळं कोणाला जसंच्या तसं लागू नाही?

टाइप १ असलेल्यांना इन्शुलिन जेवणातल्या कर्बोदकांशी जुळवावं लागतं, त्यांचा हिशेब वेगळा. गरोदरपणातल्या मधुमेहात लक्ष्य अधिक कडक असतं, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली, आणि त्या काळात उपवास किंवा वजन उतरवणं योग्य नाही. मूत्रपिंडं दुबळी झाली असतील तर डाळी, उसळी, शहाळ्याचं पाणी आणि काही फळं यांचं प्रमाण क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे रिपोर्ट बघूनच ठरतं. या तिघांनी आपले रिपोर्ट आणि आठवडाभर लिहिलेली खाण्याची वही घेऊन डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञांकडे जावं.